शनिवारचा चमचा

सोमवार, ५ सप्टेंबर १९६६. विश्रामबाग, सांगली

सकाळी गाडीच्या हवेच्या टाकीचा कॉक सोडला. रोज पाणी येतं, वाटीभर. आज पाण्यामागून काळं आलं. चिकट, काकवीसारखं. बोटाला लागलं ते रॉकेलनेही सुटेना.

ड्रायव्हर आप्पा शेजारी मिश्री लावत उभे. "काय रं नामा, काय निगालं?" म्हटलं, तुमच्या लाडक्या गाडीला जंत झालेत. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

फेब्रुवारीत ही फिरत्या दवाखान्याची घरगाडी ट्रस्टला परदेशातून भेट म्हणून बोटीनं आली तेव्हा हार काय, पेढे काय! आत दोन पलंग, चूल, मोरी, डोळे कापायचं टेबल. मागं लोखंडी पाटे नाहीत, रबराचे हवा भरलेले फुगे. का, तर पेशंटला हिसका बसू नये. ब्रेकही हवेवर. थंड देशातली बाई, इकडची दमट हवा पोटात घेते आणि पाणी करते. रोज सकाळी तिचं पोट साफ करायचं, हे माझं काम. पलटणीत नऊ वर्षं वर्कशॉप केलं ते ह्यासाठी.

पण पाणी निराळं आणि तेल निराळं. तेल टाकीतून ब्रेकच्या व्हॉल्व्हात जाणार, तिथून फुग्यांत. रबराला तेल म्हणजे विषच. ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांना चिठ्ठी दिली, गाडी पंधरा दिवस उभी करा. काय उत्तर येणार ते माहीत आहे.

बुधवार, ७ सप्टें.

आलं उत्तर. ट्रस्टच्या ऑफिसात उभा केला पाऊण तास. सेक्रे. म्हणाले, "अहो कांबळे, भेट आलेली वस्तू आहे. सात महिन्यांत बिघडली असं कळवायचं? त्यांना काय वाटेल?"

गाडीला काय वाटतंय ते बघा आधी, असं ओठावर आलं होतं. गिळलं. पलटणीत गिळायची सवय लागते, ती इथं लय उपयोगी पडते.

डॉ. केळकर तिथंच बसलेले. मूळचे वाईचे. माणूस चांगला, पण चांगुलपणा डोळ्याच्या बुबुळापुरता, त्याच्या बाहेर त्यांना काही दिसत नाही. म्हणाले, "मिस्त्री, ऑक्टोबरात माण तालुक्याचा कॅम्प आहे. तोवर करा ना काहीतरी." करतो. काहीतरी करतो.

सोमवार, १२ सप्टें.

परत काळं. जास्तच. व्हॉल्व्ह खोलून स्पिरिटनं धुतला. झडप चिकटलेली, नखानं सोडवली.

संध्याकाळी घरी आलो तर सरू माझा शर्ट हातात घेऊन म्हणते, "आज शेडमध्ये भजी तळली का? आणि मला एक आणलं न्हाई?" तिच्यावर खेकसलो. इंजिनच्या तेलाला म्हणे भज्यांचा वास! पोरगी अभ्यास सोडून बघत राहिली.

झोपायच्या आधी हात हुंगले. लिहीत नाही काही.

शुक्रवार, १६ सप्टें.

आज आप्पांबद्दल लिहितो, कारण नंतर मला हे आठवावं लागणार आहे असं उगाच वाटतंय.

ज्ञानूआप्पा, ड्रायव्हर, शिराळ्याचे. पंचावन्नला आलेत, अजून दोन वर्षं नोकरी. अक्षरओळख सहीपुरती. मी इथं लागलो तेव्हा शेडच्या वॉचमननं माझ्यासाठी वेगळा कप ठेवला होता, दांडी तुटलेला, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. पलटणीत एका लंगरात जेवून आलेला मी. त्या कपाकडे बघितलं आणि चहाच सोडला. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तो कप उचलला आणि फरशीवर सोडून दिला. "फुटला गड्या हातातनं." मग स्वतःच्या कपातला निम्मा चहा बशीत ओतून बशी माझ्याकडं सरकवली. वॉचमन बघतच राहिला.

त्यानंतर दुसरा कप कुणी ठेवला नाही.

एवढंच. भाषण नाही, काही नाही. दीक्षा घेतल्याला दहा वर्षं होत आली. बरोबरीवर बोलणारे पुष्कळ भेटले. कप फोडणारा हा एकच.

गुरुवार, २२ सप्टें.

टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर खाली उतरवला. अख्खा दिवस. रिंगा बघितल्या, सिलिंडरचा नळा बघितला. आरशासारखा. एक ओरखडा नाही. इंजिनचं तेल इथून वर जाणं शक्यच नाही.

मग तेल येतं कुठून? खालून नाही तर वरून. वरून म्हणजे हवा जिथून आत ओढली जाते ती जाळी.

कॉम्प्रेसरच्या डोक्याच्या झाकणावर आत काळी खरपूड साचलेली. खरवडून उन्हात धरली. करडईचं तेल जळाल्यावर कढईला जी खरपूड बसते, तीच. सरूनं बरोबर ओळखलं होतं, मी गाढव.

जाळीकडे बघितलं. ड्रायव्हरच्या सीटजवळ, इंजिनच्या कव्हराखाली, नारळाएवढं गोल काळं टोपण. वर शेंदूर. फेब्रुवारीत पहिल्याच आठवड्यात आप्पांनी त्याला मारुती केलं. गोल आहे, काळं आहे, गाडीच्या पोटात बसून आहे, अजून काय पाहिजे? मी तेव्हा हसलो होतो. टोपणाला शेंदूर फासला तर ब्रेकचं काय बिघडणार?

आज टोपण तेलकट दिसलं. फडक्यानं पुसलं.

उघडलं नाही.

शुक्रवार, २३ सप्टें.

का उघडलं नाही ते लिहून टाकतो, निदान इथं तरी.

मार्चमध्ये उघडलं होतं. महिन्याला एकदा जाळी धुवायची असते, पुस्तकात लिहिलंय. मी शेंदूर पुसला, टोपण काढलं, आतला नमदा, हवा गाळायची लोकरीची गादी, रॉकेलमध्ये टाकला. नेमके सेक्रे. पाहुणे घेऊन गाडी दाखवायला आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा लोकांना देवाचं एवढं वावडं का हो, कांबळे? बिचाऱ्या ज्ञानूनं श्रद्धेनं लावलं होतं." पाहुणे हसले. मी हातात ओला नमदा घेऊन उभा. आप्पांनी दोन दिवस चहाची बशी सरकवली नाही. तिसऱ्या दिवशी टोपणावर परत शेंदूर, आणि परत बशी.

तेव्हापासून मी ते टोपण उघडलेलं नाही. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दर महिन्याच्या एक तारखेला लॉगबुकात लिहितो: "जाळी साफ केली. ना. कांबळे." आप्पा शेजारी बसून ऐकतात, कारण लिहिताना मला मोठ्यानं म्हणायची खोड आहे.

तुम्हा लोकांना! एका शब्दासाठी सहा महिने खोटं लिहिलं. बोलणारा विसरूनही गेला असेल.

सोमवार, ३ ऑक्टोबर

दोन दिवस उशिरानं लॉगबुक. "जाळी साफ केली." सातवी वेळ. लिहिताना पेन अडखळलं नाही, ह्याचंच नवल वाटलं.

टाकी सोडून धुतली, व्हॉल्व्ह धुतला, डावा फुगा बसत होता तो काढून पुसला. रबर आतून मऊ पडलंय, बोट दाबलं की खळगा राहतो. आप्पांना विचारायचं ठरवून गेलो होतो, की तुम्ही तेल घालता का हो त्यात? शब्द जुळवले होते. ते सीटवर बसून गाडीची काच पुसत होते, स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं. म्हणाले, "नामा, ह्या कॅम्पाला तुझ्या गावाकडं चाललोय. तुझ्या मान्सांस्नी दाव की आपली गाडी."

आपली गाडी. विचारायचं राहिलं.

शेडमध्ये दहा वेळा ब्रेक दाबून बघितला. दहाही वेळा लागला. फिट म्हणून सही केली.

रविवार, ९ ऑक्टो. माण

कॅम्प शाळेत. माझं गाव इथून चार मैल. माळ तसाच, उघडाबोडका. बाजरी गुडघ्याच्या वर गेलेली नाही. वस्तीत म्हातारी माणसं आणि शेरडं, बाकी सगळे मुंबईला.

हौसानानीला भेटलो. माझी चुलती. आई गेल्यावर दोन वर्षं हिनं भाकरी घातली. एक डोळा लहानपणी देवीत गेला, दुसऱ्यावर आता मोतीबिंदू. हात लावून ओळखलं मला. "नाम्या न्हवं? जाड झालास की रं!"

म्हटलं, नानी, ऑपरेशन करू. ती म्हणे, "माज्या मेल्या डोळ्याला काय करायचंय आता? सरणावर कुनी वाचाया बशीवनार हाय का मला?" दोन तास डोकं फोडलं तिच्यापुढं. डॉक्टर लय हुशार हाय म्हटलं. आणि म्हटलं, गाडी बघ आमची, फुग्यांवर चालती, पोटातलं पाणी हलत न्हाई.

"हिसका न्हाई बसायचा न्हवं?"

न्हाई बसायचा, म्हटलं. माझी गाडी हाय.

बुधवार, १२ ऑक्टो.

नानीचं ऑपरेशन काल झालं. डॉ. म्हणाले, सुरेख झालं. पण म्हातारीला खोकला. डोकं हलवायचं नाही, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्यात, आणि ही खोकून खोकून अर्धी. डॉक्टरांनी ठरवलं, उद्या साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवू. "आपल्या गाडीतून नेऊ. साधी गाडी असती तर धीर झाला नसता. फुग्यांचं हे बरंय, मिस्त्री."

संध्याकाळी टाकी सोडली. काळं, पण थोडं. डॉक्टरांना सांगितलं, ब्रेक थोडे जड लागतायत. म्हणाले, "सावकाश जाऊ मग." सावकाश जाऊ!

नानी पट्टीखालून विचारते, सरू कशी आहे, पोरगी कितवीत आहे. म्हणते, पट्टी सुटली की आधी पोरीचं तोंड बगनार.

शनिवार, १५ ऑक्टो. सातारा

परवा झालं. आज लिहायला बसलोय.

वर्धनगडचा घाट. उतार. आप्पा सावकाशच होते, खोटं कशाला सांगू, चालत्या बैलाच्या चालीनं. दुसरं वळण. ब्रेक दाबला, लागला, पण सुटेना. मग सुटला तो परत लागेना. पॅडल आत जातंय आणि चाकाला पत्ता नाही. हवेच्या मीटरचा काटा खाली खाली. मी आप्पांच्या शेजारी. एकदाच म्हणाले, "नामा, न्हाई रं." बस.

पहिल्या गिअरला घातली, हँडब्रेक ओढला, आणि दरी सोडून डोंगराच्या अंगाला, खडीच्या ढिगात गाडी घुसवली. दुसरा कुणी असता तर आम्ही सगळे खाली होतो. आप्पांची छाती स्टिअरिंगवर आदळली. सिस्टर आणि डॉक्टर, खरचटलं. मला काही नाही. मला काही होतच नाही.

मागं गेलो. नानी पलंगावरून खाली. पिशव्या इकडं तिकडं. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "बसला की रं हिसका."

सोमवार, १७ ऑक्टो. सातारा

दवाखान्यातले डॉक्टर आणि आपले डॉ. केळकर बराच वेळ बोलत होते. मग आपले डॉक्टर बाहेर आले. टाके उसवले, आतलं सगळं बाहेर आलं. डोळा गेला.

आधीचा देवीनं नेला, हा मी.

नानीला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, "पट्टी कवा सोडायची?" मी म्हणतो, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणतात, मिस्त्री सांगतील, तुमच्या घरचं माणूस आहे. असा चेंडू चाललाय दोघांत.

आप्पा शेजारच्या वॉर्डात, छातीला पट्टा. त्यांना नानीचं कळल्यावर उठून आले. तिच्या पायाशी बसले. नानीनं विचारलं, कोण? म्हणाले, "डायवर हाय, आक्का." ती म्हणाली, "तुमी वाचवलं म्हनत्यात समद्यांस्नी. लय उपकार झालं." आप्पा तोंडात धोतराचा सोगा कोंबून बाहेर गेले. मी कुठं जाणार?

गुरुवार, २० ऑक्टो. सांगली

नानी अजून साताऱ्याच्या दवाखान्यातच. गाडी ओढून शेडमध्ये आणली. पुढचं तोंड चेपलंय, इंजिन चालू होतं. व्हॉल्व्ह खोलला. झडप डिंकानं चिकटवावी तशी चिकटलेली, रबराचा पडदा फुगून फाटलेला. करडई. आता शंकाच नाही.

दुपारी सेक्रे.नी बोलावलं. खुर्ची दिली! बसा म्हणाले! आजवर कधी दिली नव्हती, तेव्हाच ओळखलं.

"हे बघा कांबळे, चौकशी करावीच लागणार. परदेशी कळवावं लागेल. गाडीत दोष होता असं म्हणता येणार नाही, देणाऱ्यांचा अपमान. तुमचं लॉगबुक मी बघितलं. चोख आहे. दर महिन्याला सगळं साफ केलेलं आहे. म्हणजे राहिला कोण? ज्ञानू. वय झालं त्याचं. उतारावर वेग आवरला नाही. तुम्ही शेजारी बसला होतात. तेवढं लिहून द्या. सोमवारी अकराला."

"आणि आप्पा?"

"तो काय, घरी जाईल. शेती आहे ना त्याची."

शिराळ्यात आप्पांची शेती म्हणजे बांधावर दोन आंब्याची झाडं. चोख आहे, तुमचं लॉगबुक. कानात तेवढंच घुमत राहिलं. मार्चमध्ये मी जाळी खरोखर साफ करत होतो तेव्हा ह्याच माणसानं चारचौघांत मला हिणवलं. आता केली नाही तर शाबासकी. थू.

सरूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वेगाचं लिवनार हाय तुमी?" मी म्हटलं, मग काय लिहू? खरं लिहिलं तर दोघांची नोकरी जाईल, ही खोली जाईल, पोरीची शाळा जाईल. ती म्हणाली, "मी इचारलं फकस्त."

शनिवार, २२ ऑक्टो. खंडेनवमी

शनिवार माझ्या सुट्टीचा. ह्या दिवशी आप्पा एकटे असतात, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू करतात, अर्धा तास. मला हे फेब्रुवारीपासून माहीत आहे. आज पहिल्यांदा शनिवारी शेडमध्ये गेलो.

पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन मांडलेलं, झेंडू वाहिलेला. माझाही पान्यांचा डबा त्यात. आप्पा काल साताऱ्याहून सुटून आलेले, छातीला पट्टा तसाच. इंजिन चालू. हातात औषधाची जुनी बाटली आणि चमचा. मला बघून इतके खूश झाले! "ये, ये. तू कवाच बगितलं न्हाईस. ही बग गंमत."

चमचाभर तेल टोपणावर सोडलं. टोपणाच्या कडेला भोकं आहेत, इंजिन चालू असलं की त्यातनं कॉम्प्रेसर हवा ओढतो. तेल कडेपर्यंत ओघळलं आणि सर्रकन आत गेलं.

"थेंब ऱ्हात न्हाई बग. पितोय! देवळातल्या मारुतीवर घाला, खाली गळतं. ह्यो पितोय. अगदी पयल्यापासनं. म्हनून तर म्या म्हनतो, जागृत हाय. घाटात त्यानंच डोंगराकडं वळवली."

मग दुसरा चमचा भरला.

"आन् ह्यो तुझा."

म्हटलं, माझा?

"मार्चपासनं घालतोय. तू काय हात जोडनार न्हाईस, तुझा धरम निराळा, त्याला आमची ना न्हाई. पर गाडीखाली तूच जास्त आसतोस. म्हनलं, ह्याच्या वाटचं आपुनच घालावं. आज जरा मोठा घालतो. तुझं दीस वाईट हायत."

राग आला, आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं आधी बाहेर काढायचं तेच कळेना. दर शनिवारी दोन चमचे. त्यातला एक माझ्या नावाचा.

इंजिन बंद केलं. आप्पांच्या देखत टोपण फिरवलं, काढलं. आतला नमदा हातात घेतला. तेलानं थबथबलेला, काळा. आप्पांच्या हातावर ठेवला. मग बाकावरचा व्हॉल्व्ह आणला, ती चिकटलेली झडप, तो फुगलेला पडदा. शेजारी ठेवला. म्हटलं, हुंगा.

त्यांनी हुंगलं. एकदा हे, एकदा ते. परत हे.

"देवाच्या तेलानं?"

मी मान हलवली.

ते गाडीच्या पायरीवर बसले. नमदा तसाच मांडीवर, धोतराला डाग पडत होता. म्हणाले, "आक्कास्नी ठावं हाय?"

न्हाई, म्हटलं.

मग माझ्याकडे बघितलं. आरोप वगैरे काही नाही चेहऱ्यावर, खरोखर न कळून विचारावं तसं. "पर नामा, ही जाळी तू दर म्हैन्याला साफ करत हुतास न्हवं? वहीत लिवतोस की. म्या ऐकलंय."

रविवार, २३ ऑक्टो. दसरा

सकाळी वस्तीत सगळे पांढरे कपडे घालून जमलो. दीक्षेला दहा वर्षं झाली म्हणून यंदा गर्दी जास्त. पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांच्या बरोबर मोठ्यानं म्हणालो. आवाज चांगला लागला होता, शेजारच्यानं कौतुकही केलं.

घरी येऊन कागद काढला. उद्या अकरा वाजता द्यायचा.

तीन वाजता आप्पा आले. शिराळ्याला सणाला गेले नाहीत. आपट्याची पानं सरूच्या हातात दिली, पोरीला दिली, मला दिली. "सोनं घे." मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर मागं सरले. चहा झाला. कालचं काही बोलले नाहीत. पोरीला विचारलं, कितवीत हाईस? नववीत म्हणाली. हसले.

मग उठता उठता म्हणाले, "सेक्रेटरी मला बी बोलावत्यात उद्या. तुझ्या कागदाखाली माझी सही घेनार म्हनं. मला काय वाचाया येत न्हाई. तू लिव काय लिवायचं ते. निस्तं वाचून दाव, म्हंजी कशावर सही करतोय ते कळंल."

म्हटलं, वेगाचं लिहिलं तर?

"त्यावर बी करीन. पर वाचून दाव."

सरू भिंतीकडे तोंड करून भांडी लावत होती. हात थांबला होता तिचा.

आप्पा गेले नाहीत. बाहेर ओट्यावर बसलेत. लिहून होईपर्यंत थांबतो म्हणाले. पोरगी त्यांच्याजवळ जाऊन बसली, काहीतरी वाचून दाखवतेय.

पहिली ओळ लिहिली: "एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत लॉगबुकात जाळी साफ केल्याच्या ज्या नोंदी आहेत त्या सगळ्या खोट्या आहेत व त्या मी केल्या आहेत." खाली सही केली नाही अजून, पण ओळ खोडणार नाही. हे ठरलं.

दुसरी ओळ तेलाची. जाळी साफ नव्हती, तर तिच्यात काय होतं आणि कुणी घातलं, हे विचारणारच. काय होतं ते लिहिता येईल. कुणी, तिथं पेन थांबतं. "ड्रायव्हरने" असं लिहिलं तर अर्धंच खरं होईल. दोन चमचे होते.

बाहेरून आप्पांनी आवाज दिला, "झालं का रं?"

म्हटलं, एक ओळ झाली.

"मग तेवढी दाव वाचून."